गच्चीवरची अकरा रोपं

८ नोव्हेंबर

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. कारण असल्याशिवाय पत्र लिहून शाई वाया घालवू नये, असं आपले मास्तर सांगायचे. कारण आहे. पण ते पहिल्या ओळीत लिहवत नाही, म्हणून आधी मंगळवारच्या सकाळचं सांगतो.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी कॉलेजचं सभागृह उघडलं, पंखे लावले आणि रोजच्यासारखा माइक घेऊन मंचावर उभा राहिलो. लोक 'हॅलो, हॅलो' करून माइक तपासतात. मी बावीस वर्षं देवाचं नाव घेतो. हळू, एकदाच. शेवटच्या रांगेपर्यंत ते नीट पोचलं की समजावं, यंत्र ठीक आहे. त्या दिवशी तोंडच उघडेना. नुसता उभा. शेवटी झाडूवाली मावशी खालून ओरडली, "काय हो, देव रुसला का आज?"

मग मी 'हॅलो' म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

माझ्या मागं फलक लागला होता. अंमली पदार्थ प्रतिबंधक खात्याचे संचालक येणार होते. विषय: 'गांजाबंदी, कुटुंबाचं कवच'.

प्रश्नोत्तरांच्या वेळी माझं काम काय असतं, तुला कधी लिहिलं नाही. मी माइक घेऊन रांगांमधून फिरतो. तो विद्यार्थ्याच्या हातात द्यायचा नाही, हा माझा नियम. एकदा एकानं हातात मिळाल्यावर प्रश्न सोडून गाणंच सुरू केलं, तेव्हापासूनचा. मी माइक त्यांच्या तोंडासमोर धरतो, ते बोलतात, मी दुसरीकडं बघतो. बावीस वर्षांत हजारो प्रश्न माझ्या हातातून गेले आणि त्यातला एकही माझा नव्हता.

साहेब चांगलं बोलले, हे खरं ते सांगतो. उंच, शांत माणूस. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलायचे, देवळात तीर्थ घ्यावं तसे. म्हणाले, गांजा ओढणारा पोरगा आधी घरातून हरवतो आणि मग जगातून. मला ते खोटं वाटलं नाही. तुझे ते दिवस मी पाहिले आहेत. मग म्हणाले, "बंदी सैल करा म्हणणारे पुस्तकं वाचून बोलतात. आम्ही घरं पाहतो. ज्या ज्या घरानं विश्वासानं आम्हाला कळवलं, त्यातल्या एकाही घराला पस्तावायची वेळ आली नाही."

पहिला प्रश्न एका मुलीचा. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, केस कानापर्यंत कापलेले, हातात वही. प्रश्न त्यात आधीच लिहून आणलेला.

"सर, गेल्या वर्षी जेवढे पकडले, त्यातल्या किती जणांकडं फक्त स्वतःपुरता गांजा होता?"

साहेब हसले. "बाळ, आकड्यांनी घर चालत नाही. एखाद्या कुटुंबाला जाऊन विचार."

"कुठल्या कुटुंबाला, सर?"

"कुठल्याही."

टाळ्या पडल्या. माइक तिच्या तोंडासमोर होता. टाळ्या थांबल्या आणि मी तो माझ्याकडं वळवला. एक प्रश्न विचारला.

काय विचारलं, ते आज लिहायला बसलो होतो. हात पुढं जात नाही. प्राचार्य रागावले आहेत, पण ते होतंच. मिठागरावर आता वारा सुटला असेल. लोकरीचे मोजे पाठवू का? तुझी वहिनी मजेत आहे.

दादा


११ नोव्हेंबर

धाकट्या,

आधीचं पत्र टाकलं नाही. तिकीट लावून पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. त्यात मोज्यांची चौकशी होती, मुद्द्याचं काही नव्हतं.

आता वेळ कमी आहे. पोरांनी फोनवर सगळं चित्रित केलं आणि 'माइकवाले काका' म्हणून ते गावभर फिरतंय. तुमच्याकडं पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, याचा मला इतकी वर्षं राग यायचा. या आठवड्यात बरं वाटतंय. पण कुणीतरी चढेलच. तुला हे माझ्याकडून कळावं, टाकीवर चढलेल्या माणसाकडून नाही.

मी म्हणालो, "साहेब, ते कुटुंब माझं. एकवीस वर्षांपूर्वी मी माझ्या सख्ख्या भावाची खबर दिली. चौकीत म्हणाले होते, दम देऊन सोडतो. चार वर्षं सोडलं नाही. मला रोज पस्तावा होतो. तुमच्या यादीत माझं घर कुठं आहे?"

शिंप्यानं नाही, धाकट्या. मी.

तू आजवर समजत आलास की वरच्या मजल्यावरच्या शिंप्यानं घात केला, कारण गच्चीची दुसरी किल्ली त्याच्याकडं होती. भेटीच्या जाळीपलीकडून तू मला म्हणालास, "दादा, त्या शिंप्याचं तोंड बघणार नाही मी." मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. तुझ्यासाठी आणलेला टॉवेल घडी करत बसलो. सुटल्यावर तू मिठागरावर गेलास, जिथं गवताची काडी उगवत नाही, आणि पहिल्याच कार्डात लिहिलंस: 'तू दर महिन्याला आला नसतास तर मी आत वेडा झालो असतो.' ते कार्ड माझ्याकडं आहे. मी ते देवाच्या तसबिरीमागं ठेवलं. वाटलं, तिथं ठेवल्यानं ते खरं होईल.

का केलं? तू वर्कशॉपचा वर्ग सोडला होतास. दुपारी उठायचास. हाक मारली की हसायचास आणि कुठल्या हाकेला हसतोस ते तुलाच कळायचं नाही. मला तुझी भीती वाटत होती. हे खरं. माझी नोकरी नवीन होती, शर्टाला वास लागेल म्हणून मी कपडे दुसऱ्याच्या दोरीवर वाळवत होतो. हेही खरं. यातलं जास्त खरं कुठलं, हे मी देवाला पुष्कळदा विचारलं. त्यानं ते माझ्यावरच सोडलं आहे.

अर्ज मास्तरांनी शिकवलेल्या पद्धतीनं लिहिला. डावीकडं समास, उजवीकडं तारीख, विषयाखाली रेघ. मोघम लिहू नये म्हणून तू झोपलेला असताना सकाळी गच्चीवर जाऊन डबे मोजून आलो. 'रोपांची संख्या: ११ (अक्षरी अकरा).' चौकीतला हवालदार कागद लांब धरून म्हणाला, "वा! काय अक्षर आहे! आमच्या कारकुनाला दाखवतो." मला बरं वाटलं. त्या क्षणी, तुझी खबर देताना, मला बरं वाटलं.

दहापर्यंत रोपं असली तर ती स्वतःपुरती धरतात, दंड आणि ताकीद. दहाच्या वर गेली की धंदा. हे मला ठाऊक नव्हतं. नुसतं 'काही रोपं' लिहिलं असतं, तर त्यांना वर येऊन मोजावी लागली असती.

सभागृहात पुढं काय झालं तेही सांगतो. साहेब म्हणाले, "तुमच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण तो दोष कायद्याचा नाही, अंमलबजावणीचा."

मी म्हणालो, "मग माझ्या भावानं चार वर्षं काय भोगलं? कायदा की अंमलबजावणी?" मग म्हणालो, "गांजा वाईट नाही असं मी म्हणत नाही, साहेब. नुसता वास आला तरी मला मळमळतं. पण घाबरलेल्या घराला जायला दुसरं एखादं दार ठेवा. दवाखान्याचं ठेवा. मला चौकीशिवाय दार दिसलं नाही."

कुणी टाळी वाजवली नाही, ते एक बरं झालं. साहेबांनी पेला दोन्ही हातांनी उचलला आणि न पिता खाली ठेवला. "याचं उत्तर आज माझ्याकडं नाही," म्हणाले. मी माइक परत त्या मुलीसमोर धरला, कारण पाळी तिची होती. तिनं वही मिटली.

तुझ्या वहिनीला काल सांगितलं. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. झोपेत मोजता. अकराला थांबता. बाराला एकदाही पोचला नाहीत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"जागेपणी कधी मोजता, ते बघत होते."


१७ नोव्हेंबर

धाकट्या,

दुसरं पत्रही इथंच आहे. वहिनीनं ते टेबलावर पाहिलं आणि त्यावर मिठाची बरणी ठेवली, उडून जाऊ नये म्हणून. एवढंच.

त्या पत्रात एक गोष्ट राहिली होती. राहिली नव्हती, मी गाळली होती. पण आधी शिंप्याचं सांगतो. ते माझ्यासाठी आता वेगळं राहिलेलं नाही.

त्याचं दुकान हल्ली बस स्थानकासमोर आहे. चष्मा दोऱ्यानं गळ्यात, मशीन तेच. मला बघून म्हणाला, "काय शिवायचंय?"

"काही नाही. सांगायचंय."

मी उभ्यानंच सांगितलं. त्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"म्हणजे तो माझ्याशी बोलत नाही, ते यासाठी?"

"हो."

"मला वाटायचं, त्याची विजार आखूड झाली होती म्हणून."

तो हसला, आणि हसता हसता थांबला. "तुला लाज नाही वाटली रे? माझ्या पोरीच्या लग्नात ती दारात तुझ्या भावाची वाट बघत होती. काका आला का, काका आला का. मी तिला सांगितलं, काका कामात आहे. तुझं खोटं मी माझ्या पोरीला सांगितलं."

निघालो. पायरी उतरलो तेव्हा तो मागून म्हणाला, "आणि अकरा कसली? नऊ होती. तो झोपला असला की पाणी मीच घालायचो. नऊ त्याची आणि दोन झेंडूची."

मी म्हणालो, "मला माहीत आहे."

हीच ती गाळलेली गोष्ट. गच्चीवरच्या टाकीजवळ, कोपऱ्यातले दोन छोटे डबे. रोपं वीतभरही नव्हती. मी कातरलेली पानं पाहिली आणि तीही गांजाचीच समजून मोजली. पोलीस आले तेव्हा त्यांनी मोठी नऊ उपटून नेली. कोपऱ्यातली दोन त्यांना दिसलीही नाहीत. पंचनाम्यात हवालदारानं माझ्या अर्जावरून अकरा उतरवून घेतलं, माझं अक्षर इतकं स्वच्छ होतं. दीड महिन्यानं मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो. एका डब्यात झेंडूचं फूल उमललं होतं. दुसऱ्यात कळी.

तुझी सुनावणी त्यानंतर आठ दिवसांनी होती. तू उभा राहून म्हणालास, "साहेब, दोन झेंडूची होती." मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी पंचनामा पाहिला आणि मान हलवली. मी तिसऱ्या बाकावर होतो. उठून एवढंच म्हणायचं होतं, 'फूल मी पाहिलंय.' पण मग विचारलं असतं, तुम्ही अकरा कुठून आणले? मी उठलो नाही. ते फूल मी त्या दिवशी सकाळीच खुडून देवापुढं ठेवलं होतं. रिकाम्या हातानं कोर्टात आलो.

खबर दिली ती भीतीनं. तिची माफी मला कदाचित मिळेल. त्या दिवशी बाकावर बसून राहिलो, ते मी पूर्ण शुद्धीत केलं.

शिंपी उठून दारापर्यंत आला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "झेंडू कुणासाठी लावले होते, ते माहीत आहे?"

"नाही."

"तुझ्या देवासाठी. तू रोज दोन फुलांसाठी चौकापर्यंत चालत जायचास. तो म्हणायचा, दादाची पायपीट वाचेल. फूल येईपर्यंत त्याला सांगू नका."

धाकट्या, मी त्या पायरीवर बसलो. लोक मला ओलांडून जात होते.

त्या झेंडूचं बी मी धरलं होतं. का, ते तेव्हा कळलं नाही. टाकून द्यावंसं वाटलं नाही एवढंच. दर वर्षी पेरतो. एकवीस वर्षं त्याच वाणाची फुलं देवाला वाहतोय आणि माफी मागतोय. देवाकडं माफी मागणं सोपं. तो उलट विचारत नाही.

केस कापलेली मुलगी परवा सभागृहात आली. तिनं तुझ्या खटल्याचे कागद शोधून काढलेत. म्हणाली, "काका, आकडा चुकला होता असं खुद्द खबर देणारा प्रतिज्ञेवर सांगत असेल, तर खटला परत उघडायचा अर्ज करता येतो. त्यांच्या नावावरचा डाग जाऊ शकतो. जाईलच असं नाही." मग वहीत बघत म्हणाली, "पण तुमच्यावरही येऊ शकतं."

"किती येईल?"

"ते मला अजून शिकवलं नाही."

खूप दिवसांनी हसलो.

प्राचार्यांनी मला बोलावून कारणे दाखवा नोटीस दिली. रागात होते, तरी त्यांच्याच तोंडून निघून गेलं, "बावीस वर्षं कुणाला माइक दिला नाहीत, आणि शेवटी दिलात तो स्वतःला!" महिनाभर मंचावर जायचं नाही, फक्त किल्ल्या सांभाळायच्या. नोकरी गेली नाही. आणि काल संचालकसाहेबांच्या कार्यालयातून दोन ओळींचं पत्र आलं. तुझ्या खटल्याचा क्रमांक कळवावा. खाली सही त्यांची स्वतःची. त्यातून काय निघेल माहीत नाही. पण माणसानं विचारलं तरी.


२४ नोव्हेंबर, मिठागराच्या फाटकाबाहेर

धाकट्या,

मी इथं आलोय.

शुक्रवारी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. मुलीनं मजकूर टंकून आणला होता, पण मी कारकुनाकडं कागद मागितला आणि हातानं लिहिलं. समास सोडून. 'रोपांची संख्या: ९ (अक्षरी नऊ). झेंडू: २ (अक्षरी दोन).' खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. कारकून म्हणाला, "अक्षर चांगलंय हो तुमचं." मी म्हणालो, "त्याच्यावर जाऊ नका. नीट वाचून घ्या." शिक्का मारलेली प्रत या पाकिटात आहे. आधीची तिन्ही पत्रंही आहेत, जशी लिहिली तशी. एकही ओळ खोडलेली नाही. मोज्यांचीसुद्धा. मोजे पिशवीत आहेत.

पोस्टानं पाठवणार होतो. मग वाटलं, चार वर्षं दर महिन्याला मी तुला भेटायला आलो आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट घरी ठेवून आलो. या वेळी ती घेऊन यावं आणि बाकी सगळं घरी ठेवावं.

येताना मांडीवर झेंडूचा डबा होता. कंडक्टर म्हणाला, "त्याचं अर्धं तिकीट पडेल." मी पैसे काढायला लागलो तर म्हणाला, "अहो काका, गंमत केली." तुझ्या खारट जमिनीत तो जगेल की नाही, तूच सांगू शकशील. झाडांतलं तुला कळतं, मला तर पानही ओळखता आलं नव्हतं. शिंप्यानं एक विजार शिवून दिलीय, जुन्या मापावरून, दोन बोटं लांब ठेवून. निरोप असा: 'उंची चुकली असेल तर स्वतः येऊन भांड.' शब्द त्याचेच. वहिनीनं काही सांगितलं नाही. फक्त निघताना म्हणाली, "काल रात्री मोजलं नाहीत."

इथून मला मिठाचे ढीग दिसतायत आणि त्यांच्यामध्ये वाकलेली माणसं. सगळ्यांच्या डोक्याला फडकी आहेत. त्यातला तू कुठला, ते ओळखायचा प्रयत्न केला. दोघांवर नजर थांबली. मग खाली बघितलं. पुन्हा चुकीचं मोजायचं नाही.

मी आत येत नाही. तू समोर उभा राहिलास तर मी आधी रडेन आणि मग तुला माझी समजूत काढावी लागेल. तशी पाळी तुझ्यावर आणायची नाही. म्हणून हे आधी वाच. सावकाश वाच. राग आला तर येऊ दे, तो माझा आहे, मीच एकवीस वर्षं दुसऱ्याच्या दारात ठेवला होता. परतीची शेवटची गाडी सहाची आहे. तोवर मी या बाकावर आहे. आलास तर सरकून बसेन. नाही आलास तर डबा वॉचमनपाशी ठेवून जाईन, आणि पुढच्या महिन्यात, पूर्वी भेटीचा दिवस असायचा त्याच तारखेला, परत येऊन इथंच बसेन.

सकाळी निघताना देवापुढं उभा राहिलो. या वेळी माफी मागितली नाही. सांगितलं, ज्याची मागायची त्याच्याकडं चाललोय.

वॉचमन चांगला आहे. मघाशी पाणी दिलं. त्याला सांगितलं, पाकीट तुझ्याच हातात द्यायचं. म्हणाला, "भाऊ का तुम्ही त्याचे? चालण्यावरून वाटलं." आता खिडकीतून हात बाहेर काढून कधीचा थांबलाय.

"काका, झालं का लिहून?"

झालं.